औषधांतले उत्तम तेवढे वेचा

शुक्र. १८ सप्टें. २०१५, मसोली
दीड दिवसाच्या गणपतीचे विसर्जन आटोपले. नणंद, सुमनवन्सं, तलासरीहून आल्या होत्या. निवृत्तीची अर्धी रक्कम गेल्या पाडव्याला त्यांनी शेअरबाजारात गुंतवायला माझ्या हवाली केली; उरलेली मला द्यायची की मुदत ठेवीत टाकायची, हे येत्या दिवाळीच्या पाडव्याला ठरवणार. म्हणून आज तपासणी. आलेख समोर ठेवला. दर शुक्रवारी क्षेत्राचा निर्देशांक भागिले निफ्टी. रेषा चढली तर क्षेत्र बाजाराच्या पुढे, उतरली तर मागे. चढत्यात शिरायचे, उतरत्यातून निघायचे. याहून सोपे काय असते?
"पण वहिनी, औषधं तर पडलीत."
"बाजार त्याहून जास्त पडला. म्हणून रेषा वर."
"म्हणजे कमी बुडालो म्हणून मोदक?"
माधवला हसून ठसका. नवरा कोणाच्या बाजूचा, ते कळले.

शुक्र. ९ ऑक्टो.
बँकांनी मान टाकली. औषधे सरासरीच्या वर, टिकून. इतका देखणा आलेख मी सांख्यिकीच्या प्रबंधातही काढला नव्हता. बँकांतून सुटलेली रक्कम सोमवारी औषधांत; आहेत त्यांत भर.

सोम. १२ ऑक्टो.
दलाल हसमुखभाईंना फोन. डहाणू रोडला त्यांची तिसरी पिढी, तरी "तुमची फोन आली". दुरुस्त केले. मग स्वच्छ मराठीत सूचना : "वन्संच्या खात्यात औषधांतले उत्तम तेवढे वेचा."
"बेन, पक्कं?"
"आलेख बघूनच सांगते आहे."
'खरेदी करा' यात निवड येत नाही, 'वेचा' यात येते. शब्द नेमका हवा.

बुध. १४ ऑक्टो.
विक्रीची पावती! उत्तम तेवढे विकले, गाळ उरला.
हसमुखभाई : "बेन, तुम्हीच 'वेचा' बोलल्या. वेचवुं एटले विकणं ने! मला वाटलं, आज माझ्यासाठी गुजरातीत बोलल्या. बहु सारुं लाग्युं."
माधव जेवता जेवता उठून बाहेर जाऊन हसला. आत येऊन : "शिकलीस एकदाची!"
परत घ्यावेत, तर माझाच नियम क्र. ४ आडवा : बाहेर पडलेल्या क्षेत्रात महिनाभर पाऊल नाही. क्रियापदामुळे बाहेर पडल्यास काय, याची तरतूद नाही. सुधारित आवृत्तीत करावी. तोवर नियम तो नियम. वन्संना पाडव्याला समक्ष सांगेन. फोनवर नको, आलेख दाखवता येत नाही.

शुक्र. ६ नोव्हें.
औषधे कोसळली. रेषा कागदाच्या कडेबाहेर. खाली दुसरा कागद चिकटवावा लागला. विकलेले उत्तम सर्वांत जास्त आपटले. वन्संची रक्कम शाबूत. म्हणजे हसमुखभाई चुकले नसते, तर मी चुकले असते. वाक्य दोनदा तपासले. निर्दोष आहे, दुर्दैवाने.

गुरु. १२ नोव्हें., पाडवा
माधवला ओवाळून दोघे तलासरीला. आलेखाची गुंडाळी सोडते तोच वन्सं :
"राहू द्या हो. विकल्याचा मेसेज मला तेव्हाच आला. हसमुखभाईंना विचारलं, हसत हसत सगळं सांगितलं त्यांनी."
"आणि इतके दिवस गप्प?"
"तुमचा चेहरा बघायचा होता, वहिनी."
फराळाचे ताट पुढे. मग निकाल : "उरलेली रक्कम घ्या. पण फोन तुम्हीच करायचा, आणि शब्द बदलायचा नाही. तुमच्या रेषेपेक्षा तुमचं मराठी लाभतं मला."
रक्कम मिळाली, पद्धतीला कवडीचे श्रेय नाही! चकल्या खुसखुशीत. मोहन किंचित जास्त.

शुक्र. २७ नोव्हें.
वाहनांची रेषा सरासरी ओलांडून वर. खात्यात थोडी आहेतच. भर घालावी, असा आलेखाचा स्पष्ट कौल. सोमवारी फोन. वाक्य आधीच लिहून ठेवले : 'वाहनांतले उत्तम तेवढे खरेदी करा.'
माधवने खांद्यावरून वाचले. "आणि ताईची अट?"
"ताईला सांख्यिकी कळत नाही."
"हसमुखभाईंना तरी कुठे कळते?"
गुणगुणत चिकूच्या वाडीत गेला.
'खरेदी करा' खोडले. वर 'वेचा' लिहिले. तेही खोडले. वाक्य सुबक आहे, तोलदार आहे; क्रियापद तेवढे नाही.