ट्यूनाचे डबे फेकू नकोस

अगं,

तुझा आत्ता कुठे डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही. कामावर निघालोय. ट्यूनाचे डबे कचऱ्याच्या पिशवीतून मीच काढले आणि धुऊन परत फळीवर ठेवलेत. पुन्हा फेकू नकोस.

काल डॉक्टरबाईंना फोन केला होता. सरळच विचारलं, हिने मासा खाल्ला म्हणून बाळ गेलं का? त्या म्हणाल्या, अजिबात नाही. बाळाला घातक तो पारा जास्त असतो मोठ्या माशांत. तू खायचीस तो ट्यूना लहान जातीचा, तोही आठवड्यातून दोनदाच, बाळाच्या मेंदूला चांगला म्हणून त्यांनीच सांगितलेला. नाळेलाच गाठ बसली होती. त्यात तुझा काय दोष? आता मोबाईलवर पाऱ्याबद्दल वाचत बसलीस, तर उद्या मोबाईल घेऊनच कामावर जाईन.

गॅसवर सूप आहे. गरम करून पी, नुसतं बघत बसू नकोस.

ट्यूना खाल्लास की थोड्या वेळात तो पोटात लाथा मारायचा, आठवतं? जेवता जेवता माझा हात ओढून पोटावर ठेवायचीस. त्याची आपल्याला कळलेली आवड एवढी एकच. तिला विष म्हणू नकोस गं.