बोग्नाच्या मैफलीत मी उलटलेली पानं

पोझ्नान, १६ नोव्हेंबर १९६७

ती. अपोलोनिया मावशीस,

तुझ्या दोन्ही हातांचं आदराने चुंबन. गुडघा कसा आहे? कोबीचं पान ठेचून बांधतेस ना? आम्ही इथे सगळे ठीक आहोत. मी तर फारच ठीक आहे, आणि बोग्नाचा मला मुळीच हेवा वाटत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुझा गैरसमज नको.

आता तूच आठव, आम्ही दोघं तुझ्याकडे पियानो शिकायचो ते. ती शेजारच्या न्हाव्याची पोर, आणि तुझा सख्खा भाचा मी. तरी चांगला पियानो तिला आणि स्वयंपाकघराशेजारचा बेसूर मला! मनगट खचू नये म्हणून तू त्यावर सुकलेला आलुबुखार ठेवायचीस. तिचा तासभर हलायचा नाही. माझा मी खाऊन टाकायचो (भूक लागायची, त्याचा कलेशी संबंध नाही). पुढे राजधानीतल्या स्पर्धेत ती पहिली आली आणि मी पहिल्याच फेरीत घरी आलो. माझ्या वेळी एक परीक्षक शिंकला होता, हे तुला मी सांगितलंच आहे (चौदा वेळा, असं तू म्हणतेस). तेव्हापासून ती आज लंडनला, उद्या टोकियोला. आणि मी इथल्या संगीतशाळेत, अक्रोड फोडल्यासारखा पियानो बडवणाऱ्या पोरांसमोर.

तर मंगळवारी ती आमच्या गावात चार तंतुवादकांबरोबर वाजवायला आली. आणि वाजवताना तिच्या स्वरलिपीची पानं उलटणाऱ्या बाईंना नेमकी त्याच दिवशी गालगुंडं झाली! सभागृहाचे व्यवस्थापक धापा टाकत शाळेत आले. म्हणाले, "लुडोमिरसाहेब, स्वरलिपी वाचता येणारा माणूस हवाय. वाजवता नाही आलं तरी चालेल." अशा माणसाला मी नकारच देणार होतो, पण तोवर माझा लग्नातला काळा कोट अंगात चढलाही होता (बटणं लागली नाहीत, हे सोड).

मी तिच्या डावीकडे बसलो आणि चुका शोधू लागलो. पहिल्या भागात एकही नाही. दुसऱ्यात एक सापडली! मला इतका आनंद झाला, की पान उलटायची खूण म्हणून तिने मान हलवल्याचं दिसलंच नाही. दिसलं तेव्हा घाईत दोन पानं एकदम उलटली. व्हायोलिनवाल्याने माझ्याकडे असं पाहिलं, की त्याचा गज छातीतच घुसावा. ती मात्र आठवणीने वाजवत राहिली, पुढचं पान माझ्या हातून सरळ होईपर्यंत. शेवटी टाळ्यांचा कडकडाट झाला. ते पाचजण उठून वाकले. मावशी, मीही वाकलो. सर्वांत जास्त वेळ वाकलो.

मग मागच्या खोलीत मी बोलणी खायला गेलो. ती कोमट पाण्याच्या भांड्यात उजवा हात बुडवून बसली होती. अनामिका सुजून काकडीएवढी झालेली.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"दोन वर्षं झाली. कुणाला बोलू नकोस." मग ती हसायलाच लागली. "लुडेक, तू पान चुकवलंस ना, तेव्हा कितीतरी दिवसांनी मला वाजवताना मजा आली. बाकीचे सगळे नुसते घाबरून असतात माझ्यासमोर. तू अजून वाजवतोस का रे?"

"कधीमधी," मी म्हणालो (रोज चार तास. बायको कानात कापूस घालते).

त्यावर तिने मला एक गोष्ट विचारली. मी ताठ मानेने नाही म्हणालो. स्वाभिमान म्हणून काही असतो की नाही?

गुडघ्याला जप.

तुझा आज्ञाधारक भाचा,
लुडोमिर

ता. क. ती सापडलेली चूक मी घरी येऊन स्वरलिपीशी ताडून पाहिली. तिचं बरोबर होतं. इतकी वर्षं मीच ती जागा चुकीची शिकवतोय.

ता. क. २. तिने विचारलं ते असं: एकट्याने अख्खी मैफल आता त्या बोटाला झेपत नाही, तर मार्चमध्ये लुब्लिनला एकाच पियानोवर दोघांनी मिळून वाजवायचं का? मी म्हणालो, मार्चमध्ये शाळेच्या परीक्षा आहेत. ती "बरं" म्हणाली आणि हात पुसू लागली. मावशी, ती रविवारी व्हिएन्नाला जाईल. त्याआधी तिला तार कर, की परीक्षा पुढे ढकलल्या आहेत. पोझ्नानच्या परीक्षांचं तुला लुब्लिनमध्ये कसं कळलं, असं ती विचारायची नाही. विचारलंच, तर खरं काय ते सांगून टाक.