नमुना खराब, पुन्हा पाठवा

४ नोव्हेंबर

ताई,

मी बरी आहे. तुझी तब्येत आईकडून कळते. जे सांगायचं आहे ते फोनवर मला क्रमाने सांगता येणार नाही, म्हणून लिहिते आहे. आधी काय घडलं ते.

१. गेल्या वर्षी २९ ऑगस्टला, तुझं बाळ, आपला बोका, सदतीस दिवसांचा असताना, भाऊजींनी डॉक्टरांनी तपासायला दिलेली त्याच्या रक्ताची नळी प्रयोगशाळेच्या दारात माझ्या हातात दिली. सकाळचे साडेदहा वाजले होते.
२. अशी नळी खोलीच्या तापमानाला ठेवून दोन तासांच्या आत तपासायची असते. मी ती साडेचार तास फ्रिजमध्ये ठेवली.
३. तीन वाजता तपासली. पेशी जागच्या हलल्या नाहीत.
४. मी डॉक्टरांना कळवलं, 'नमुना खराब, पुन्हा पाठवा.'
५. बाळ अशक्त आहे, लगेच रक्त काढता येणार नाही, म्हणून त्यांनी ९ सप्टेंबर ठरवली. बोका ७ तारखेला गेला.
६. नमुना खराब नव्हता.

पत्र अजून हातात असेल तर पुढे वाच.

फ्रिजचं कारण साधं आहे. घरच्या माणसाचा नमुना नोंद केल्याशिवाय आत घ्यायचा नाही, असा आमच्याकडे नियम आहे. मला नोकरी लागून चार महिने झाले होते. नोंद करायची तर आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंना विचारावं लागलं असतं, आणि बाई त्या दिवशी पाहुण्यांना नवं यंत्र दाखवत होत्या. मी नळी खोक्यांच्या मागे सरकवली आणि पाहुण्यांना चहा विचारत राहिले.

तू माझ्या कामाला 'किडे पाळणं' म्हणायचीस. "काय गं, आज तुझ्या किड्यांनी काय दिवे लावले?" मी कधी धड उत्तर दिलं नाही. आज देते.

ते किडे म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी. जखमेत जंतू शिरले की तिथून काही द्रव्यं आजूबाजूला पसरतात, जवळ दाट, लांब विरळ. पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी. तिच्या एका कडेला ते द्रव्य शंभर असेल तर दुसऱ्या कडेला अठ्ठ्याण्णव. एवढ्या फरकावरून ती आपली पुढची बाजू ठरवते, तिकडे एक पाय काढते आणि उरलेलं अंग मागून ओढून घेते. तिला डोळे नाहीत, कोणी सांगणारं नाही. मी काचेच्या बारीक फटीत हेच बघते. एका टोकाला आमिष म्हणून तसलंच द्रव्य, दुसऱ्या टोकाला नुसतं मिठाचं पाणी. निरोगी पेशी अर्ध्या तासात आमिषाच्या बाजूला जमतात.

थंडीने आखडलेल्या पेशी गोल होऊन बसतात. त्या पायच काढत नाहीत.

बोक्याच्या पेशी पाय काढत होत्या. डावीकडे काढला, आत घेतला. वर काढला, आत घेतला. पस्तीस मिनिटं. आमिष आहे हे त्यांना कळत होतं, कुठल्या बाजूला आहे ते कळत नव्हतं.

हा फरक मला नंतर कळला, असं लिहून मी दोन कागद फाडले. मला तो त्याच दुपारी दिसला होता. पण 'पेशींतच दोष आहे' असं कळवलं असतं तर नळी कधी आली, कुठे ठेवली, कोणाला विचारून घेतली, सगळं निघालं असतं. 'नमुना खराब' म्हटलं की कोणी काही विचारत नाही.

डॉक्टर म्हणाले होते ना, पांढऱ्या पेशी पाचपट वाढल्यात, शरीर झुंजतंय? त्या रक्तात साठल्या होत्या, कारण बेंबीच्या जखमेपर्यंत एकही पोचत नव्हती. म्हणून तिथे पू नव्हता. तू मला विचारलंस, "पू नाही म्हणजे बरंच ना गं?" मी "हो" म्हणाले.

आणि दवाखान्यातला तो व्हरांडा. तुझ्या सासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होत्या. "पाच आठवडे झाले तरी नाळ पडत नाही म्हणजे काय? पुसायचा आळस, दुसरं काय! आमच्या वेळी नव्हती हो ही थेरं." तू माझ्याकडे पाहिलंस. मी भिंतीवरच्या आग विझवायच्या नळकांड्यावरच्या सूचना वाचत होते. नाळ उशिरा पडणं हे याच दोषाचं लक्षण असतं. तू पुसण्यात काहीही कमी केलं नव्हतंस. हे मला तेव्हा माहीत होतं.

वेळेवर कळवलं असतं तर तो वाचला असता, असं मी म्हणत नाही. नसता वाचला, असंही म्हणू शकत नाही. नऊ दिवस हातात होते. त्या दिवसांत वेगळी औषधं देता आली असती.

परवा बाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "चौदा महिने?" एवढंच म्हणाल्या. चौकशी होईल. त्यात तुझं नाव येणार नाही.

आता मुद्द्याचं. आई रविवारी फोनवर म्हणाली, "तिला नववा आठवडा आहे. मी सांगितलं हे कळू देऊ नकोस हं. आणि काही लिहू-बिहू नकोस, आता कुठे सावरतेय पोर." मी तिचं ऐकलं नाही. हा दोष तुम्हा दोघांकडून, प्रत्येकी अर्धा, आलेला असण्याची शक्यता बरीच आहे. तसं असेल तर या बाळालाही तो असण्याची शक्यता चारात एक. बोक्याच्या रक्तातलं थोडं मी गोठवून ठेवलं आहे. त्यावरून दोष नेमका कुठे आहे ते शोधता येईल, पण त्यासाठी तुझं आणि भाऊजींचं रक्त हवं. निकालाला दहा दिवस. बाळाची तपासणी अकराव्या ते तेराव्या आठवड्यात. आधी कळलं तर पहिल्या दिवसापासून जपता येईल, अस्थिमज्जा देणारा शोधता येईल. किंवा तू दुसरं काही ठरवशील. मी त्यात मत देणार नाही. रक्त माझ्याकडे पाठवायचं नाही. दुसऱ्या प्रयोगशाळेचा पत्ता आणि संमतीचा कागद सोबत आहे.

सोबत आणखी एक कागद आहे, भाऊजी आणि सासूबाईंसाठी. बोका कशाने गेला आणि मी काय लपवलं, ते सात ओळींत. खाली माझी सही आणि हुद्दा. तो कधी दाखवायचा ते तू बघ. तुझ्याऐवजी मी येऊन वाचून दाखवावं असं वाटलं तर येईन, आणि दारातून जा म्हणालीस तर जाईन.

माफी मागितलेली नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. ती मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि मला तुझ्याकडून सध्या एकच उत्तर हवं आहे. रक्त देणार की नाही, ते सोमवारपर्यंत, म्हणजे अकरा तारखेपर्यंत कळव. मला कळवायचं नसेल, तर थेट त्या प्रयोगशाळेला कळव.

तुझी बहीण