दोनदा दाबायची सवय

गुरुवार, संध्याकाळ

पोरगी अजून घरी आली नाही. नुसती वाट पाहवत नाही, म्हणून लिहीत बसले.

चार महिने झाले, जुन्या जीपचा ब्रेक मधूनच दगा देतोय. मेश्राम मिस्त्रींनी ऑइल बदललं, सिलिंडर बदलला. गावातल्या डांबरी रस्त्यावर चालवून पाहिली की सगळं ठीक! आज सकाळी मात्र ते शेताच्या वाटेवर माझ्या शेजारी बसले आणि माझ्या पायाकडेच पाहत राहिले.

"ताई, तुम्ही ब्रेक दोनदा काहून दाबता?"

मी दोनदा दाबते? मला माहीतच नव्हतं.

"आता एकदाच दाबा बरं."

दाबला. पॅडल सरळ तळाला गेलं आणि जीप बांधावर चढली. पुढच्या चाकाचं बेअरिंग ढिलं झालंय म्हणाले. खड्ड्यांमधून चाक हलतं, ब्रेकचे पॅड मागे ढकलले जातात आणि पहिला दाब त्यांना जागेवर आणण्यातच फुकट जातो. म्हणजे इतके दिवस माझाच पाय तो दोष झाकत होता.

नवं बेअरिंग आणायला मी बसनं नेरला गेले, तेवढ्यात पोरगी जीप घेऊन आजीला आणायला निघाली. वाटेत मोठा उतार आहे. फोन उचलत नाही. किल्ली खिळ्यालाच का ठेवली मी? तिला कुठं माहीत, दोनदा दाबावं लागतं ते?

आली! आजी उतरतेय. मी धावत जाऊन विचारलं, "ब्रेक लागला का गं?"

"लागला ना, आई. दोनदा दाबला की लागतेच. तुलेच पाहून तं शिकली मी."

तिला वाटतं, सगळ्याच गाड्यांचा ब्रेक असा असतो.