बर्मंडसीतला एक नंबरचा ड्रायव्हर

सोमवार, ३ फेब्रुवारी १९६४
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात, मीही लिहिणार. मी, विल्फ्रेड हॉबडे, वय अठ्ठेचाळीस, सध्या पाठदुखीमुळे घरी.

आज मिस्टर ट्रँटर स्वतः आमच्या घरी आले. लंडनच्या या भागात, आमच्या बर्मंडसीत, त्यांचं नाव कुणी मोठ्याने घेत नाही. मी नेमका परसातल्या संडासात होतो. बाहेर येईपर्यंत साहेब चहा पिऊन, केकचे दोन तुकडे खाऊन गेले होते. माझी बायको आयव्ही म्हणाली, या महिन्याच्या शेवटी एक काम आहे आणि त्यांना आपल्या घरातला ड्रायव्हर हवाय. मी म्हटलं, उत्तम, हो म्हणून टाक. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, बघ हं, तूच म्हणालास.

पुढे तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आमच्या चोरांच्या धंद्यात पहिला नियम: घरात कामाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. नवऱ्याने बायकोला सांगायचं नाही, बायकोने विचारायचं नाही. एकवीस वर्षं मी हा नियम पाळलाय. सांगण्यासारखं काही नव्हतं म्हणून सोपं गेलं, एवढंच.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
संकल्प: बिअर बंद. रोज डोळ्यांचे व्यायाम. रोज सराव.

आमच्याकडे गाडी नाही, त्यामुळे सराव स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर. पातेल्याचं झाकण हे स्टिअरिंग. टॉवर ब्रिजपर्यंत झकास गेलो. तिथे आयव्ही झाकण मागायला आली. बटाटे उकळत होते.

बिअर उद्यापासून बंद.

बुधवार, १२ फेब्रुवारी
आयव्ही लाँड्रीची व्हॅन चालवते. हॉटेलांच्या चादरी न्यायच्या, आणायच्या. आज ती जेवायला आली तेव्हा व्हॅन घेऊन निघालो. कोपऱ्यावरचा दिव्याचा खांब फार चुकीच्या जागी आहे. नगरपालिकेला लिहिलं पाहिजे. व्हॅन खांब आणि भिंतीच्या मधे अडकली. आयव्ही तोंडातला घास गिळत आली आणि ती मागच्या मागे काढून घेऊन गेली. मी तिला समजावलं की मागे जाणं हे बायकांचं काम, पुरुषाची नजर पुढे असते.

शेजारचा अर्नी विचारत होता की मला परवाना दिला तरी कुणी. अडाणी माणूस. लढाईच्या दिवसांत परीक्षा बंद होत्या आणि परवाना नुसताच मिळायचा. माझी परीक्षा घ्यायचं सरकारचं धाडस झालं नाही, असं मी म्हणतो.

गुरुवार, २० फेब्रुवारी
मिस्टर ट्रँटर रस्त्यात भेटले. मी टोपी काढली. ते म्हणाले, विल्फ, सोमवारी पब उघडल्यापासून बंद होईपर्यंत तू तिथेच बसायचं. सगळ्यांना दिसायला हवास. आणि तुझ्या जिवाची शपथ, जागचा हलू नकोस.

डाव फार खोल आहे. पबमध्ये बसून गाडी कशी चालवायची हे मला अजून कळलेलं नाही. पण शहाण्याला शब्दाचा मार. ऐन वेळी मागच्या दाराने नेणार असतील.

सोमवार, २४ फेब्रुवारी
अकरापासून पबमध्ये. हातमोजे घालून. बारवरच्या मेव्हिसने विचारलं, हाताला खरूज झालीय का. मागच्या दाराकडे नजर ठेवून बसलो. कुणी आलं नाही. दुपारी रोजच्या वेळेला पब बंद झाला, मेव्हिसने मला दाराबाहेर काढलं.

संध्याकाळी रेडिओवर बातमी. हॅटन गार्डनमध्ये जवाहिऱ्याची पेढी भरदिवसा लुटली. पोलिसांनी रस्त्याचं तोंड अडवलं, तर ड्रायव्हरने गाडी मागच्या अरुंद गल्लीतून, अख्खी गल्ली उलटी, भरधाव बाहेर काढली. दोन्ही भिंतींना ओरखडाही नाही.

माझ्याशिवाय काम केलं. ऐन वेळी कुणी भाडोत्री माणूस पकडला असणार. असल्या कामात नशीबही लागतं, त्याला मिळालं.

आयव्ही उशिरा आली. चादरी फार होत्या म्हणाली. पाय गरम पाण्यात घालून बसली आणि स्वतःशीच हसत होती. मी एवढा अपमानित, आणि ही हसते.

मंगळवार, २५ फेब्रुवारी
पेपरात पहिल्या पानावर. ‘लंडनमधला सर्वांत कुशल ड्रायव्हर’ असं छापलंय. पबमध्ये गेलो तर सगळ्यांनी सरकून जागा करून दिली. मग अर्नीने माझ्यासाठी बिअर सांगितली. मग मिस्टर ट्रँटरच्या टोळीतल्या लेनने. मग खुद्द मेव्हिसच्या नवऱ्याने, ज्याने आजवर कुणाला पाणी फुकट दिलेलं नाही. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. नुसता हसलो. झाकली मूठ सव्वा लाखाची.

बिअरचा संकल्प तूर्त स्थगित. लोकांचं मन मोडवत नाही.

सोमवार, २ मार्च
पोलिसांची धरपकड. लेनला नेलं, अर्नीला नेलं, एका पायाच्या क्रिस्पलाही नेलं. त्याला विचारलं म्हणे, तू पळून कसा गेलास. चौकशी करून सगळ्यांना सोडलं. मला अजून बोलावणं नाही. पिशवी भरून दारात ठेवली: दाढीचं सामान, स्वेटर, दोन जोड मोजे. आयव्हीने मोजे काढून धुवायला टाकले.

उद्या येतील.

सोमवार, ९ मार्च
आले. इन्स्पेक्टर गार्साइड. उंच, सभ्य, बोलण्यात हळू. मी लग्नातला सूट घालून जिना उतरलो. त्यांनी चहा घेतला, केक घेतला, केकची कृती आयव्हीला विचारली. मला एवढंच विचारलं की लेन पैसे कुठे उडवतोय ते माहीत आहे का. मी गूढपणे म्हटलं, एखाद्याला बरंच माहीत असतं, साहेब. ते म्हणाले, हॉबडे, तुमच्या पँटचं बटण उघडं आहे.

ही पोलिसांची मानसिक छळाची पद्धत आहे.

शनिवार, १४ मार्च
आज लिहायला हात धजत नाही.

मिस्टर ट्रँटरचा माणूस लाँड्रीची पिशवी घेऊन आला. वाटा आणलाय म्हणाला. मी हात पुढे केला. तो म्हणाला, तुझा नाही रे बाबा, ड्रायव्हरचा. आणि पिशवी आयव्हीच्या हातात दिली.

आयव्हीने दार लावलं, मला खुर्चीवर बसवलं. म्हणाली, तुला काय वाटलं, लढाईत बॉम्बनी लंडन जळत होतं तेव्हा मी अँब्युलन्सवर पट्ट्या बांधत होते? मी ती चालवत होते, विल्फ. दिवे बंद, रस्ते खचलेले, मागे माणसं कण्हतायत. तेव्हा उलटं जाण्यावाचून इलाजच नसायचा. मी म्हटलं, मला सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, पहिल्याच दिवशी सांगितलं, घरातला ड्रायव्हर हवाय म्हणून. तू हो म्हटलंस. घरात ड्रायव्हर कोण आहे हे तुला ठाऊक असेल असं मला वाटलं.

मग म्हणाली, लोकांच्या चादरींच्या वासाला विटलेय मी. मार्गेटला समुद्राजवळ दोन खोल्या घेऊ. सकाळी खिडकी उघडायची आणि कुणाची चादर दिसायला नको. तू पण चल. तुझ्या पाठीला बरं वाटेल.

मला राग आला. मग वाटलं, इतक्या वर्षांत ही माझ्यापाशी इतकं कधी बोलली नव्हती. मग भीती वाटली. हिला धरलं तर?

बुधवार, १८ मार्च
लेनला पुन्हा धरलं आणि त्याने तोंड उघडलं. फक्त अर्धंच, पण उघडलं. पेपरात आलंय: ड्रायव्हर बर्मंडसीतलाच, लवकरच अटक. आयव्हीच्या हातून कप फुटला. तिच्या हातून कधी काही फुटत नाही.

निर्णय घेतला. त्यांना ड्रायव्हर हवाय ना, मी देतो. अर्ध्या बर्मंडसीला तसंही वाटतंय की मीच तो. चार-पाच वर्षांत सुटेन. तोवर आयव्ही मार्गेटला, खिडकीपाशी. ही माझ्या आयुष्यातली पहिली योजना आहे जिच्यात एकही भोक नाही.

गुरुवार, १९ मार्च
सकाळी सूट घालून ठाण्यावर. बटणं तपासली. इन्स्पेक्टर गार्साइडना सांगितलं, मीच तो. ते हसले नाहीत. चहा मागवला. सगळं नीट लिहून घेतलं. मग म्हणाले, चला, जरा अंगणात जाऊ.

अंगणात पोलिसांची एक गाडी होती. फाटकाच्या दोन्ही बाजूंना दोन व्हॅन. म्हणाले, ही तेवढी मागे घेत रस्त्यावर काढून दाखवा. मी म्हटलं, एवढंच?

पहिल्या झटक्यात गाडी पुढे गेली. ती सवय आहे. वाळूची बादली गेली. दुसऱ्यांदा मागे गेली, हवालदाराची सायकल घेऊन. मग गाडी फाटकात आडवी अडकली आणि पुढेही जाईना, मागेही जाईना. वरच्या खिडक्यांत टाळकी जमली. गार्साइड डोळे पुसत होते. मला आणखी एक चहा दिला, पाठीवर हात ठेवला आणि बायकोला बोलावणं धाडलं, नवऱ्याला घेऊन जा म्हणून.

आयव्ही कामावरून तशीच आली, ॲप्रनवर. सगळ्यांसमोर मला म्हणाली, गाढवा, कुणी सांगितलं होतं हात दाखवून अवलक्षण करायला? पाच वर्षं आत बसलास तर मी एकटीने काय करायचं? आणि रडायला लागली. मला फार बरं वाटलं.

तेवढ्यात आतून कुणीतरी ओरडलं की गाडी काढा, बाहेर जायला वाट नाही. दोन पोलीस चढून उतरले, त्यांनाही जमेना. आयव्हीने नाक पुसलं, वैतागून म्हणाली, सरका. बसली. एक हात सीटच्या पाठीवर, मान मागे, आणि गाडी दोन व्हॅनच्या मधून सरळ रस्त्यावर. बोटभरही जागा नव्हती. पलीकडे फुटपाथला लावूनही टाकली.

खिडक्यांतून टाळ्या पडल्या. एकट्या गार्साइडनी वाजवल्या नाहीत. त्यांनी हातातला कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

मला फार अभिमान वाटला. त्यांना सांगितलं, मीच शिकवलंय तिला. ते म्हणाले, नाही हो हॉबडे, मला नाही वाटत.

घरी येताना आयव्ही एक शब्द बोलली नाही. दमली असेल.

शुक्रवार, २० मार्च
सकाळीच दारावर थाप. मी सूट चढवला. गार्साइड टोपी हातात घेऊन उभे होते. म्हणाले, तुम्ही नाही, मिस्टर हॉबडे.

आयव्हीने कोट घातला. मला सांगितलं, स्टू गॅसवर आहे, मंद ठेव, ढवळत राहा, नाहीतर बुडाला लागेल. मी म्हटलं, मी तुला वाचवायला गेलो होतो. ती म्हणाली, माहीत आहे रे. आणि माझी कॉलर सरळ केली.

गार्साइडनी तिच्यासाठी मागचं दार उघडून धरलं. आमच्या गल्लीत गाडी वळवता येत नाही. पोरगेल्या पोलिसाला घाम फुटला. शेवटी मागच्या सीटवरून आयव्हीनेच त्याला सांगितलं, चाक डावीकडे, आता सरळ, आता सोड. तेव्हा ते गेले.

दुपारी पबमध्ये गेलो. आज खरं सांगायचं ठरवलं. म्हटलं, लोकहो, तो ड्रायव्हर मी नव्हतो, आयव्ही होती. कुणी मानसुद्धा वर केली नाही. अर्नी म्हणाला, सगळ्या गल्लीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, विल्फ. बिअर आम्ही तिच्या नवऱ्याला पाजत होतो. लेन फुटला, पण तिचं नाव त्यानेसुद्धा घेतलं नाही.

मग त्याने विचारलं, पोलिसांना कळलं तरी कसं?

मी घरी आलो. स्टू बुडाला लागला होता.