निरोगी म्हणून दिलेला नमुना

पुणे

माय, तुझ्या पायावर डोकं ठेवते. हे पत्र दादाला देऊ नको, अंजूवहिनीकडून वाचून घे.

मी बरी हाये, पण पार हादरलेय. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर लवकर ओळखायच्या खुणा आम्ही लॅबमधी शोधून राह्यलो. पेशी बिघडायला लागली असंल, तर आमचा तपकिरी रंग तिच्यावर चढतो. ताडून पाह्यला निरोगी बायांचे नमुने लागतात, म्हणून आम्ही पोरींनीच आपापले दिल्ते. त्यातला एक रंगला. नंबर पाह्यला तर माझाच!

दुखणं न्हाई, खुपणं न्हाई, अन् हे? मंग डॉक्टरीणबाईनं तपासलं. म्हणल्या, कॅन्सर झालेला न्हाई, तेवढी जागा काढली की बस. तू घाबरू नको.

कापूस वेचून झाला का?

माय, मला धास्ती तुझी हाये. पाळी बंद होऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझ्या अंगावरून लाल जातं, अन् तू उष्णता समजून सब्जा पिऊन राह्यली. ती उष्णता नसती गं.

वहिनी, आता वाचायचं थांबवा अन् मायला घेऊन जालन्याच्या दवाखान्यात निघा. तपासायच्या टेबलावर आधी तुम्ही झोपा, म्हंजे ती लाजणार न्हाई.

तुमची,
वर्षाराणी