भूसंपर्क म्हंजी काय

सोमवार, ३ मार्च ८६
नातू, मिलिंद, त्यानं मुरूम गावात मासिक काढलंय. मोटार, पंप, स्टार्टर, समदं मराठीत. कारखान्याची पक्की नोकरी सोडली त्यापायी. ज्याला परवडत न्हाय त्याला अंक फुकट. छापायच्या आधी पान मला वाचाय लावतो. म्या चार महिने प्रौढ वर्गाला गेलेली! आजीला कळलं की गावाला कळलं, म्हणतो. लई बरं वाटतं. आज पानावर आलं, भूसंपर्क नसल्यास मोटारीस हात लावू नये. कळलं का, म्हणला. व्हय म्हणलं. न्हाय म्हणायची लाज वाटली.

रविवार, ९ मार्च
शिवारातला बसाप्पा आला. म्हणतो, "काय संपादकीणबाई, निघाला का अंक?" अर्धा तांब्या पाणी दिलं, टँकर दोन दिवस न्हाय. आमच्या घरचं पाणी पितो, तेवढा चांगला. विहीर तळाला गेली, मोटार खाली चिखलात उतरवलीय म्हणला. मग नव्या अंकातल्या भूसंपर्क शब्दावर बोट ठेवून इचारलं, ह्ये काय. मिलिंद घरात न्हवता. म्या ऐटीत सांगितलं, भू म्हंजी भुई, संपर्क म्हंजी टेकणं. चपला काढून पाय भुईला टेकवायचा.
खूश होऊन गेला. म्याबी खूश. खिचडीत मीठ दोनदा पडलं.

बुधवार, १२ मार्च
बसाप्पाला शॉक. चपला विहिरीच्या काठावर, जोडीनं ठेवलेल्या. मिलिंदनं घरी आणल्यात. बसाप्पाला सोलापूरच्या दवाखान्यात नेलाय. शुद्ध न्हाय.

शनिवार, १५ मार्च
वायरमन सांगून गेला, भूसंपर्क म्हंजी अर्थिंग. मोटारीची तार जमिनीत पुरायची, एवढंच. अर्थिंग तर मलाबी ठाव हाय. समद्या गावाला ठाव.
मिलिंद जेवत न्हाय. शुद्ध मराठी लिहायच्या नादात म्याच बसाप्पाला मरणाच्या दारात नेला, म्हणतो. छपाईचं यंत्र विकायला काढलंय.
म्या चपला कणगीमागं सारल्या.

सोमवार, १७ मार्च
आज मिलिंदला सांगितलं. चपलांचं समदं.
ऐकून तो माझ्याजवळ येऊन बसला. मग, "आजी, तुमाला कळलं न्हवतं?"
"न्हाय."
"मग व्हय का म्हणलात?"
तो पान घेऊन समोर बसायचा, तेवढ्यासाठी...
बसाप्पाची बायको सोलापूरहून कपडे न्यायला येतीय. मिलिंद म्हणला, म्या सांगतो तिला, तुमी घरी बसा. म्हणलं, न्हाय, म्याच सांगते. चपलाबी तिच्या हातात द्यायच्यात.
फाट्यावर बसून लिहितीय. चपला मांडीवर. बस अजून आली न्हाय.